कम्प्युटर घेत नाही म्हणे!

“टीचर, कम्प्युटर घेत नाही.” हे वाक्य मी शाळांच्या ऑफिसांत, सरकारी खिडक्यांवर, बँकांत इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की डोकं तापतं. काय घेत नाही कम्प्युटर? तर मुलाचं नाव. कधी नाव लांब आहे म्हणून, कधी आडनावाचा रकाना रिकामा राहतो म्हणून, कधी मराठीत टाइप केलेलं सेव्ह केल्यावर नुसती प्रश्नचिन्हं उरतात म्हणून. मग क्लार्क बिचारा नाव कापतो, जोडतो, स्पेलिंग फिरवतो, आणि तेच कापलेलं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर छापून येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कम्प्युटर सगळं घेतो. घेतलेलं नसतं ते प्रोग्राम लिहिणाऱ्याने, आणि विचारलेलं नसतं ते प्रोग्राम विकत घेणाऱ्याने.

मी भाषा शिकवते, इंजिनिअर नाही. पण ही काही गुप्त विद्या नाही, थोडी विचारपूस केली की कळते. ऑफिसातल्या खिडकीवाल्या प्रोग्रामात मराठी-उर्दू बिघडते ती मुख्यतः तीन तऱ्हांनी. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर समजावं की नाव आत शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. डोक्यावर टोप्या घातलेली चित्रविचित्र रोमन अक्षरं दिसली तरी नाव बहुधा शाबूत असतं, वाचणारा चुकीच्या पद्धतीने वाचतोय. पण सेव्ह करून पुन्हा उघडल्यावर प्रश्नचिन्हं दिसली तर नाव गेलं. दिसत नाही असं नाही, ते तिथे उरलेलंच नाही. प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर परत काढता येत नाही.

आणि हे का होतं? कित्येकदा एका अक्षरापायी. पुष्कळ कचेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकूर ठेवायचे दोन प्रकार आहेत, व्हारकार आणि एनव्हारकार. पहिल्यात, नेहमीच्या मांडणीत, देवनागरी मावत नाही, दुसऱ्यात जगातल्या सगळ्या लिप्या मावतात. रकाना दुसऱ्या प्रकारचा केला तरी हुकमात नावाच्या आधी ‘एन’ लिहायचा राहिला की पुन्हा प्रश्नचिन्हं. एवढ्याशा ‘एन’साठी वर्गच्या वर्ग बेनाम होतो आणि आपल्याला सांगितलं जातं, कम्प्युटर घेत नाही.

याला इतिहास आहे, तो मान्य करायला हवा. युनिकोडच्या आधीच्या विंडोजमध्ये प्रत्येक लिपीला एक कोडपेज असे. ग्रीकला १२५३, अरबीला १२५६. देवनागरीला दिलंच नाही. म्हणून आपल्याकडे फॉन्टची चलाखी आली: आत रोमन अक्षरं, वरून मराठीचा मुखवटा. त्या फॉन्टशिवाय फाइल उघडली की मुखवटा गळून पडायचा. १९९८च्या व्हिज्युअल बेसिक ६चीही गंमत अशी की तो पोटात युनिकोड ठेवायचा, पण त्याच्या खिडकीतली चौकट ते दाखवू शकायची नाही. त्या काळातल्या प्रोग्रामरला मी दोष देणार नाही.

पण तो काळ संपला कधी? विंडोज २००० पासून देवनागरी नीट जुळवून दाखवण्याची सोय खुद्द विंडोजमध्ये आली. आणि त्यातला मंगल हा फॉन्ट कोणी केला? र. कृ. जोशींनी, आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवणाऱ्या मराठी माणसाने. हेच जोशी पुढे आमच्या अंधेरीला लागून असलेल्या जुहूतल्या एनसीएसटीत, म्हणजे आताच्या सी-डॅकमध्ये, भारतीय लिप्यांवर काम करत होते. इकडे अंधेरी पूर्वेला सीप्झ १९७३ पासून उभं आहे. तिथून परदेशी कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर जातं, आणि तिथला इंजिनिअर अरबी गिऱ्हाईकासाठी अख्खी खिडकी उजवीकडून डावीकडे फिरवून देतो. बरोबर आहे, तिथे गिऱ्हाईक पैसे देतं आणि तपासूनही घेतं. त्याच सीप्झपासून रिक्षाच्या अंतरावरच्या मुलीचं नाव मात्र दाखल्यावर बसत नाही.

आता आडनावाचं बघा. प्रोग्राममध्ये तीन रकाने असतात: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिन्ही सक्तीचे, त्याशिवाय पुढचं बटण उमटतच नाही. कोकणातल्या मुसलमानांना अडचण नाही, त्यांच्याकडे मुकादम, परकार, दळवी आहेत. मराठवाड्यात शेख आधी लागतो, मुलालाही आणि बापालाही. उत्तर प्रदेशातून आलेल्या घरात कित्येकदा आडनाव नसतंच. मग मोकळी जागा दिसली की तोडायचं, असं शिकवलेला प्रोग्राम शेखला मुलाचं नाव करतो. बानो, खातून, बेगम ही आडनावं होतात, आणि सख्ख्या बहीण-भावाची आडनावं कागदावर वेगळी निघतात. मोहम्मदचं तर विचारूच नका. एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर ‘मो.’, तिसऱ्यावर इंग्रजी ‘एमडी’. पोरगा शाळेतच डॉक्टर!

हसून सोडून द्यावं असं हे राहिलेलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली आणि १९ लाखांहून जास्त माणसं तिच्याबाहेर राहिली. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही. बापाचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, एवढ्याने तिथे माणसं वर्षानुवर्षं चौकशीच्या फेऱ्यांत अडकली. तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यांत आई-बाप मुलांचे दाखले लॅमिनेट करून पेटीत ठेवतात. अशा घराला ‘कम्प्युटर घेत नाही’ हे वाक्य कसं ऐकू येत असेल?

आमच्यातले काहीजण लगेच म्हणतील, हा मुद्दाम केलेला भेदभाव आहे. मला तसं वाटत नाही. द्वेषाला निदान थोडी मेहनत लागते, इथे तेवढीही कोणी घेतलेली नाही. मराठीचे हाल यांना कुठे चुकलेत? ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक किती प्रोग्रामांत टिकतो ते तपासा. वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे यांतला अर्धा र पुष्कळदा तुटून पडतो, किंवा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘तऱ्हा’ हा शब्द तर अरबीतून मराठीत आलेला. अर्ज, दाखला, नक्कल, दफ्तर हे शब्दही तिकडूनच आले आणि मराठी कचेरीत मावले. मावत नाहीत ती आता माणसांची नावं.

मराठीच्या नावाने आवाज करणाऱ्यांनाही म्हणून विचारावंसं वाटतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावायला सांगितलं, चांगलं झालं. पाटी भिंतीवर असते, फोटोत येते. प्रोग्राममधला मराठी रकाना फोटोत येत नाही, म्हणून त्यासाठी कोणी रस्त्यावर उतरत नाही.

आणि आपल्या उर्दूवाल्यांनाही सोडून चालणार नाही. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आला, पुढे इनपेज आलं, उर्दू छपाईचं सोनं झालं. पण छापलेला कागद देखणा झाला म्हणून आपण तिथेच थांबलो. आजही परिपत्रक म्हणून चित्र पाठवतो. चित्रात शोध घेता येत नाही, त्यातून नाव उचलता येत नाही. कोणी अरबी कीबोर्डाने टाइप करतं, कोणी उर्दूच्या. दोन्हींतला काफ आणि ये शब्दात जुळल्यावर डोळ्यांना बहुतेक सारखेच दिसतात, कम्प्युटरला मात्र ती वेगळी अक्षरं. म्हणून ‘करीम’ यादीत असूनही सापडत नाही. हे दोन्ही काफ एक मानायला लावणं प्रोग्रामरला फारसं जड नाही, पण अडचण त्याला सांगितली तर.

छपाईच्या वेळी खिडकी पांढरी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहून येतं, ते दुखणं सगळ्यांचं आहे. खिडकी सांभाळणाऱ्या एकाच क्लार्कला गोदामातही पाठवलं की खिडकीवर कोण उरणार? छपाईचं काम वेगळ्या धाग्याकडे द्यायचं असतं. त्यात जातधर्म नाही.

शाळांच्या संस्थाचालकांना माझं सांगणं आहे, चेकवर सही करण्याआधी विक्रेत्याला समोर बसवा आणि पाच नावं स्वतः टाइप करा. एक आडनावाशिवाय, एक शेखने सुरू होणारं, एक अर्ध्या रवालं, एक चाळीस अक्षरांचं, एक उर्दूत. सेव्ह करा, प्रोग्राम बंद करा, पुन्हा उघडा, शोधा, दाखला छापा. नस्तालीक तिरका उतरतो, त्याला उंची जास्त लागते. इंग्रजीच्या मापाच्या ओळीत त्याचं डोकं किंवा पाय कापला जातो, तेही बघा. आता सगळं ऑनलाइन आहे असं तो म्हणाला तर हेच ऑनलाइन करून दाखव म्हणा. नवी वेबसाइट पुष्कळदा त्याच जुन्या रकान्यांवर उभी असते.

आणि उर्दूसाठी वेगळे पैसे पडतील म्हणाला, तर कशाचे ते विचारा. विंडोज फॉर्म्समध्ये खिडकी उजवीकडून डावीकडे फिरवायला दोन गुणधर्म चालू करावे लागतात, २००५ पासून ते तिथेच आहेत. नस्तालीकचा फॉन्ट २०१२च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टच देते, नंतरच्या विंडोजमध्ये फार तर सेटिंगमध्ये जाऊन एकदा उतरवून घ्यावा लागतो. गूगलचा नोटो नस्तालीक तर फुकट आहे.