कुडाचे घर व शेतकऱ्याची सुतारकी

कोसबाडच्या टेकडीभोवतालच्या, तसेच डहाणू व तलासरी तालुक्यांतील पाड्यांतून घरबांधणीत पडत असलेला फरक सहज ध्यानात येतो. लाकडी मेढींवर उभी असलेली कारवीच्या कुडाची घरे व गोठे कमी होत चालले असून त्यांच्या जागी विटांच्या भिंती येत आहेत. पक्के घर प्रत्येक शेतकऱ्यास मिळावे याविषयी दुमत नाही. परंतु विटा आल्या म्हणजे घर पक्के झाले, ही समजूत मात्र तपासून पाहणे अगत्याचे आहे.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांपैकी एका धक्क्याची तीव्रता ४.१ होती. घरांच्या भिंतींना तडे गेले आणि अनेक कुटुंबांनी थंडीच्या रात्री तंबूंत काढल्या. धक्का बसला असता भिंत जितकी जड, तितका तिच्यावर येणारा जोर अधिक असतो. नऊ इंची विटांच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला चारशे किलोंहून अधिक भरते. दोन इंच जाडीचा लिंपलेला कूड त्याच्या चौथाईहूनही हलका असतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, त्याचे मोठे कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व वरचे जड धाबे हेच होते. म्हणून विटांचे घर बांधावयाचेच असेल तर जोते, दारखिडक्यांचा माथा व छपराची बैठक या तिन्ही पातळ्यांवर लोखंडी सळ्यांचा काँक्रीट पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरविला पाहिजे. वीटभट्टीवर घाम गाळून मिळविलेले पैसे पट्ट्याविना उभारलेल्या भिंतीत घालणे शहाणपणाचे नव्हे.

कूड दरवर्षी लिंपावा लागतो, मेढी कुजतात, वाळवी लागते, ही तक्रार खोटी नाही. पण बारकाईने पाहिल्यास असे आढळते की, मेढ बहुधा जमिनीलगतच कुजते. वरचे लाकूड पुष्कळदा ठणठणीत असते. हातभर दोषासाठी सारे घर मोडीत काढणे म्हणजे पायात काटा रुतला म्हणून पाय तोडण्यासारखे आहे.

ही दुरुस्ती शेतकऱ्यास स्वतः करता येते. प्रथम छपरास दोन्ही बाजूंनी मजबूत टेकू द्यावेत. एका वेळी एकच मेढ हाती घ्यावी. कुजका भाग करवतीने कापून त्या जागी जमिनीच्या वर वीतभर येईल अशी काँक्रीटची बैठक ओतावी. तीत दोन लोखंडी पट्ट्या आधीच रोवून, काँक्रीट घट्ट झाल्यावर त्या मेढीस बोल्टने जखडाव्यात. जमिनीतून सुटलेली मेढ कलण्याचा संभव असतो. याकरिता प्रत्येक कोपऱ्यात मेढ व वरचे आडवे लाकूड यांस जोडणारा तिरपा आधार अवश्य ठोकावा. गोठ्यात तर हे फारच निकडीचे आहे, कारण तेथे गोमूत्राची ओल कायम असते व जनावरे मेढीस अंग घासतात.

वासे व रिपांसाठी बांबू वापरावयाचा असल्यास तो तीन वर्षांहून अधिक वयाचा असावा व पावसाळ्यानंतर तोडावा. शंभर लिटर पाण्यात तीन किलो टाकणखार व दोन किलो बोरिक ॲसिड विरघळवून, पेरांचे पडदे आतून फोडलेले बांबू त्यात आठ-दहा दिवस बुडवून ठेवल्यास भुंगेऱ्याचा उपद्रव टळतो. हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून असा बांबू छपराखालीच वापरावा. वनाबाहेरच्या जमिनीवरील बांबू २०१७ च्या कायदादुरुस्तीने वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला आहे. तेव्हा बांधावर बांबूचे एक बेट लावणे म्हणजे घरदुरुस्तीचा साठाच करून ठेवणे होय.

स्थानिक वस्तू हलकी नसते, हा धडा कोसबाडला नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ पासून याच टेकडीवर बालशिक्षणाचे काम उभे केले, ते परिसरात सहज मिळणाऱ्या साधनांच्या बळावरच. जी दृष्टी बालवाडीस लाभली ती घरालाही लाभावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भातकापणीनंतर, मजूर कुटुंबे स्थलांतरासाठी निघण्यापूर्वी, प्रत्येक पाड्यात एका गोठ्याची दुरुस्ती सर्वांसमक्ष करून दाखवावी. करवत, पटाशी, गिरमिट व ओळंबा एवढी हत्यारे पाड्याच्या सामायिक मालकीची असली तरी पुरे. तरुणांच्या हाती ही सुतारकी आली म्हणजे घर हलके राहील, टिकाऊ होईल व कर्जावाचून उभे राहील.