गाडीचा पडदा काळा पडला तर



या सदरात आपण नेहमी पिकांच्या दुखण्याविषयी बोलतो. आज थोडे गाडीच्या दुखण्याविषयी. आता गावात बऱ्याच घरांपुढे मोटार उभी असते आणि तिच्या डॅशबोर्डवर छोट्या टीव्हीसारखा पडदा असतो. गाणी, फोन, रस्त्याचा नकाशा आणि गाडी मागे घेताना मागचे चित्र, सारे त्यातच. तो बिघडला की माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेल्या माणसाचा खिसा लवकर रिकामा होतो.

आमच्याच घरची गोष्ट. गेल्या दिवाळीनंतर पुतण्याच्या गाडीचा पडदा इंजिन सुरू करताना लुकलुकून विझू लागला. पुढे तर दिवस दिवस काळा राही. एका दुरुस्तीवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितले, "आतला संचच गेला. नवा घाला, ३५,००० रुपये."

पुतण्या म्हणाला, "काका, सोयाबीनचे पैसे आलेत. टाकतो बदलून."

मी म्हटले, "थांब बाबा. पान पिवळे दिसले की लगेच युरियाची गोणी फोडायची का? जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. आधी लक्षण, मग औषध."

इथे लक्षण काय? इंजिन सुरू होताना पडदा विझतो. त्या क्षणी स्टार्टर बॅटरीतून भरपूर वीज ओढतो, म्हणजे संशय पुरवठ्यावर. बॉनेट उघडले तर बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर पांढरट बुरा साचलेला आणि टर्मिनल हाताने हलणारे. किल्ली काढली. आधी मायनस, मग प्लस सोडवले. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने बुरा धुतला, टोके घासून कोरडी केली. जोडताना आधी प्लस, मग मायनस घट्ट आवळले. पडदा उजळला. खर्च चमचाभर सोड्याचा.

दर वेळी एवढ्यावर भागेल असे नाही. म्हणून स्वस्ताकडून महागाकडे असा क्रम ठेवावा.

१) गाडी उभी करून, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे व पुन्हा सुरू करावी. बऱ्याच गाड्यांत ठराविक बटण काही सेकंद दाबून धरले की पडदा नव्याने सुरू होतो. कोणते बटण, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. 'फॅक्टरी रीसेट' मात्र घाईने करू नये. त्यात साठवलेली माहिती पुसली जाते.

२) उन्हाळ्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते. पडदा मंद होतो किंवा अडखळतो. सावलीत, काचा उघडून गाडी निवू द्यावी आणि मगच निदान करावे.

३) बोटाला दाद देत नसेल तर पडदा व हात दोन्ही पुसावेत. बोट टेकताच विजेत होणारा सूक्ष्म बदल हा पडदा ओळखतो. पाणी, चिखल, हातमोजे किंवा फुगे आलेला प्लास्टिकचा पापुद्रा मध्ये आला की तो फसतो. मऊ, किंचित ओले फडके वापरावे. पेट्रोल किंवा रॉकेल लावू नये.

४) फोन जुळत नसेल तर आधी केबल बदलून पाहावी. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांतून माहिती जातच नाही.

५) बॅटरी मीटरने मोजून घ्यावी. उभ्या गाडीत भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली.

६) फ्यूज पाहावा. जळाला असेल तर तितक्याच अँपिअरचा घालावा. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा असतो. विहिरीवरच्या मोटारीला जाड तार बांधण्याची आपली खोड इथे नको, वायरिंग पेटेल. नवा फ्यूजही जळाला तर तार कुठेतरी उघडी पडली असू शकते. गाडी धान्याच्या पोत्यांशेजारी उभी राहत असेल तर उंदरांचा संशय धरावा.

इथून पुढचे काम जाणत्या मेस्त्रीचे. वॉरंटी असेल तर तार कापू देऊ नये. विजेवरच्या गाडीतील नारिंगी केबलला तर हातच लावू नये.

आता मुख्य गोष्ट. पडदा बंद होता तेव्हाच एका संध्याकाळी पुतण्याने अंगणात गाडी मागे घेतली. रोज पडद्यात पाहायची सवय, मान वळवलीच नाही. ओट्याजवळची तांब्याची घागर चाकाखाली चेपली. पाच मिनिटांपूर्वी तिथेच त्याची धाकटी पाणी खेळत होती. आम्ही कोणीच त्या रात्री धड जेवलो नाही.

भारतात १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत. पण ठेंगणी वस्तू त्यांतून सुटू शकते आणि काही गाड्यांत पडद्याबरोबर त्यांचा आवाजही बंद पडतो. म्हणून पडदा चालू असो वा बंद, गाडी मागे घेण्यापूर्वी खाली उतरून एक फेरी मारावी. लेकरे, वासरे कुठे आहेत ते पाहावे आणि मोठ्या माणसाला मागे उभे करावे. आमच्या घरी आता हाच नियम आहे. चेपलेली घागर आम्ही मोडीत घातली नाही, ओट्यावरच ठेवली आहे.