पाढे हवेत, पण फोड आधी

'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला की आपल्याकडे चार दिवस गणिताच्या नावाने हळहळ चालते. २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुलं ३०.७ टक्के निघाली. आकडा वाचून झाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, पाठांतर बंद केलंत ना, मग भोगा. आमच्या वेळी तिसापर्यंत पाढे, वर पावकी-निमकी, आणि चुकलं की छडी. दुसरा म्हणतो, हे घोकंपट्टीचंच फळ आहे. खिशातल्या मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना पाढे हवेतच कशाला? दोघेही तावातावाने भांडतात. मुलाची वही मात्र कुणी उघडत नाही.

ती उघडू. ३४ × २६ असं गणित आहे. मूल सहाने गुणून २०४ लिहितं. बरोबर. मग दोनने गुणून ६८ लिहितं आणि ते २०४च्या खाली, एककाखाली एकक असं मांडतं. बेरीज २७२. बाई लाल शाईने शेरा मारतात, 'फुली विसरलास'. पुढच्या खेपेला मूल दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात फुली मारतं, उत्तर ८८४ येतं, गुण मिळतात आणि प्रकरण मिटतं. पण ती फुली कशाची? सव्वीसमधला दोन हा दोन नसून वीस आहे, चौतीस वीस वेळा घेतले की सहाशे ऐंशी होतात, हे त्या मुलाला कुणी सांगितलंच नाही. चौतीसची नुसती दहापट ३४० होते. मग सव्वीसपट त्याहून कमी कशी भरेल, ही शंका त्याला आली नाही, कारण गणितात शंका यायची असते हेच त्याला ठाऊक नाही. आणि पाढे? ते चोख होते. सहा चोक चोवीस, सहा त्रिक अठरा, कुठेही चूक नाही.

पाढे पाठ असले की गणित आलं, हे म्हणणं या एका वहीपुढे टिकत नाही. मग दुसऱ्या तटाचं खरं मानायचं का? तेही नाही.

८५६ भागिले ७ घ्या. आठात सात एकदा, उरला एक. पंधरात सात दोनदा, उरला एक. सोळात सात दोनदा, बाकी दोन. भागाकार १२२. प्रत्येक पायरीवर सातचा पाढा लागतो आणि तो क्षणात लागतो. जे मूल प्रत्येक वेळी बोटं मोजत बसतं, ते मोजून होईपर्यंत आपण कुठल्या पायरीवर होतो तेच विसरतं. त्याला भागाकाराची रीत समजलेली असते. दम पुरत नाही. पुढे ४२/५६ या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यायचं तर दोन्ही संख्यांत चौदा लपलेले दिसावे लागतात. आठवीत बैजिक राशींचे अवयव पाडताना बेरीज तेरा आणि गुणाकार बेचाळीस असलेल्या दोन संख्या शोधायच्या असतात. सहा आणि सात आपणहून डोळ्यापुढे आले नाहीत तर तो धडा तिथेच अडतो. कॅल्क्युलेटर सहा गुणिले सात किती ते सांगेल. बेचाळीस दिसल्यावर सहा-सात सुचवणार नाही. पाठांतराचा तिटकारा असणारी मंडळी बहुधा स्वतः पाढे पाठ असलेली असतात. आपल्याला कशाचा आधार मिळतो आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

आता जुन्या काळाच्या भक्तांकडे वळू. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची यादी ते अभिमानाने म्हणून दाखवतात. अभिमान रास्त आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर असा कारभार होता तेव्हा साडेतीन आणे शेराने अडीच शेर जिन्नस तोंडी हिशेबाने विकायला औटकी-अडीचकी हेच हत्यार होतं. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो-मीटर आले, आणि त्या हत्याराचं बरंचसं काम संपलं. पाव किलो आणि दीड लिटर अजून आहेत, पण त्यासाठी चौथा भाग आणि निम्मं काढता आलं की भागतं. शिवाय त्या शाळेतून ज्यांना काही जमलं नाही ती मुलं पाटी टाकून शेतावर, दुकानावर गेली. पंतोजींच्या आठवणी लिहायला उरले ते जमलेलेच. त्यांच्या साक्षीवरून सगळ्या वर्गाचा निकाल कसा लावायचा?

परवच्याची खरी खोट वेगळीच आहे. संध्याकाळी सुरात म्हटलेला पाढा एकाच दिशेने धावतो. अशा मुलाला सात आठे किती असं मध्येच विचारा. ते ओठांतल्या ओठांत सात एके सातपासून गाडी सोडतं आणि आठव्या स्थानकावर उतरतं. छप्पन म्हणजे कुणाकुणाचा गुणाकार, असं उलट विचारलं तर गाडीच नाही. त्यात आपल्या संख्यानामांचा घोळ. सात नव्वे त्रेसष्ट म्हणताना कानावर आधी तीन पडतो, मग साठ. लिहिताना मूल ३६ लिहून मोकळं होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' असंही वाचन दिलं, तेव्हा विधानसभेपासून व्हॉट्सॲपपर्यंत त्याची टिंगल झाली. मंगला नारळीकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा हा उपाय कुणाला पटो न पटो, रोग खरा होता. टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या मुलाला श्रुतलेखनात एकोणसत्तर घालून पाहिलं होतं, कोण जाणे.

मग शिकवायचं कसं? उत्तर शोधायला फिनलंड किंवा सिंगापूर गाठण्याची गरज नाही. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा १२०७चा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (सुमारे ११५०) गुणाकाराचं पहिलं उदाहरण १३५ गुणिले १२ असं आहे. उत्तर १६२०. पण आचार्य एका रीतीवर थांबत नाहीत. बाराचे आठ आणि चार असे भाग पाडा: १०८० आणि ५४०, मिळून १६२०. बारा म्हणजे तीन गुणिले चार: आधी ४०५, मग त्याची चौपट. बारा म्हणजे दहा आणि दोन: १३५० आणि २७०. किंवा बाराऐवजी सोयीचे वीस घ्या, २७००, आणि जास्तीचे आठपट १०८० वजा करा. दर वेळी १६२०. संख्येची फोड करायची, सोप्या तुकड्यांना गुणायचं आणि जोडायचं, हेच गुणाकाराचं मर्म आहे आणि आठशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याकडे ते लिहून ठेवलेलं आहे. आपल्या वर्गात त्यातली एकच रीत उरली, तीही कारण गळून पडून, फुलीच्या रूपात.

इथे वैदिक गणितवाले हात वर करतील. भारती कृष्ण तीर्थांचं त्या नावाचं पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झालं. त्यातली सूत्रं उपलब्ध वेदवाङ्मयात सापडत नाहीत, हे अभ्यासकांनी केव्हाच दाखवलं आहे. तो वाद बाजूला ठेवू. ९७ × ९६ची त्यांची करामत पाहा: शंभराला तीन आणि चार कमी, ९७तून चार गेले ९३, तीन चोक बारा, उत्तर ९३१२. छान आहे. पण हीसुद्धा फोडच आहे, (१०० − ३) आणि (१०० − ४) यांची. तसं सांगितलं तर मूल शहाणं होईल; मंत्र म्हणून विकलं तर फुलीच्या जोडीला आणखी एक फुली. ४७ × ६८ आलं की मंत्र अडखळतो आणि क्लासची पुढची पातळी, पुढची फी सुरू होते.

फोड आधी शिकवली तर पाठांतराचं ओझंही किती उतरतं बघा. दोन ते तीसपर्यंतचे पाढे म्हणजे २९० ओळी. दहापर्यंतच्या तक्त्यात शंभर घरं. चौकटीच्या वहीत तीन ओळींत चार-चार घरं रंगवून वही आडवी फिरवली की तीन चोक आणि चार त्रिक एकच हे मूल स्वतः पाहतं. शंभरातले ५५ उरतात. एक आणि दहाचे पाढे शिकवावे लागत नाहीत: उरले ३६. दोन आणि पाचचे मुलांना आपसूक येतात: उरले २१. चारचा पाढा म्हणजे दोनची दुप्पट, आठचा म्हणजे चारची, सहाचा म्हणजे तीनची. नऊचा म्हणजे दहापटीतून एकपट वजा. सगळ्यात धसका ज्याचा, तो सातचा पाढा शेवटी घ्या. त्यात नवं एकच उरतं, सात सत्ते एकोणपन्नास. आपण मात्र बे, तीन, चार अशा क्रमाने जातो, कारण उजळणीत ते तसे छापलेले असतात.

आणि मग पाठ करायला लावा, जरूर लावा, पण उलटसुलट, मधूनच, रोज पाच मिनिटं. ज्याला सात आठे विसरले तरी सात चोक अठ्ठावीसची दुप्पट करून छप्पन गाठता येतात, त्याचं पाठांतर निर्धास्त असतं. दहापर्यंत झालं की पुरे. तेवीस सक कितीला वीस सक आणि तीन सक यांची बेरीज करणारं मूल मला तेवीसचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. ३४ × २६साठीही त्याच वहीवर आयत काढा, चार तुकडे करा: ६००, १८०, ८०, २४. बेरीज ८८४. उभी मांडणी त्यानंतर. मग फुलीची आठवण करून द्यावी लागत नाही.

'हे सगळं कशाला, मुलांना बाजारात पाठवा, व्यवहारातून येईल' असं म्हणणारेही भेटतात. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. ही मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी बिनचूक करत होती, पण तसंच गणित शाळेच्या पद्धतीने मांडून दिलं की अडत होती. शाळकरी मुलांचं उलट: कागदावर बरं, व्यवहारात लटपट. म्हणजे बाजार पुरेसा नाही आणि आपली आजची शाळाही नाही. दोन्हींना जोडणारा दुवा शिक्षकालाच घालावा लागतो.

तो घालायला शिक्षक तयार नाहीत असं मला वाटत नाही. परीक्षा फक्त उत्तर मागते, तर ते तरी वर्गात दुसरं काय करणार? म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडेच मागणं आहे. तिसरी-चौथीच्या प्रत्येक पेपरात एक प्रश्न असा घाला: २४ × १५ दोन वेगवेगळ्या रीतींनी सोडव आणि दोन्ही उत्तरं सारखी का आली ते लिही. चार गुण ठेवा. पुढच्या वर्षी वर्गावर्गांत काय शिकवलं जातंय ते जाऊन पाहा.