कुठले रुपये?

परदेश म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे विमान येते. माझी आई मात्र गेल्या वर्षी गावच्या भजनी मंडळाबरोबर रेल्वेने आणि बसने परदेशी जाऊन आली. पशुपतिनाथाचे दर्शन झाल्यावर काठमांडूच्या बाजारात तिने आठशे रुपयांची शाल घेतली व शंभराच्या आठ नोटा मोजून दिल्या. शाल होती नेपाळी आठशेची, म्हणजे आपल्या पाचशेची! १९९३ पासून आपल्या १०० रुपयांना नेपाळचे १६० हा दर ठरलेला आहे. उरलेले तीनशे म्हणजे आईची एका दिवसाची खुरपणी.

दुकानदार गप्प बसला, हे खरेच. पण घरातला पहिला कॉलेजकुमार मी! विनिमय दराची व्याख्या पाठ करून गुण मिळवले आणि आईला निघताना फक्त "जपून जा" म्हणालो. तिथे भाव "आयसी" की "एनसी", म्हणजे भारतीय की नेपाळी, हे आधी विचारायचे असते. आई म्हणाली, "विचारलं असतं, तर अडाणी दिसले असते."

मित्रहो, परदेशात कार्ड वापरणाऱ्या शिकलेल्यांनाही यंत्र हेच विचारते: रुपये की तिथले चलन? ओळखीचे म्हणून ते रुपये निवडतात आणि बहुधा महागडा दर गळ्यात पडतो. तिथलेच चलन निवडावे.

"किती?"च्या आधी "कुठले?" विचारायला लाजू नये, असे माझे मत आहे. आईलाही मी तेच सांगितले. वर्गात शंका विचारायला मी स्वतः लाजतो, हे मात्र सांगितले नाही.