काय म्हणाला तो?

आमच्या भागात ‘थिएटर’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. शिरूरहून न्हावरे करून चौफुल्याला उतरलं की लावणीची कलाकेंद्रं लागतात. त्यामुळं दौंड तालुक्यात कुणी ‘काल थिएटरला गेलो होतो’ म्हणालं, तर तो सिनेमाला गेला होता असा अर्थ फक्त त्याची बायकोच काढू शकते. तीही लग्नाला फार दिवस झाले नसले तर. म्हणूनच एखाद्या सभ्य गृहस्थानं ‘यंदा दिवाळीला घरातच थिएटर आणतोय’ असं जाहीर केलं की समोरचा आधी दचकतो, आणि मग खुर्ची पुढे ओढून घेतो.

पण मी बोलतोय ते होम थिएटरबद्दल. टीव्हीच्या अवतीभवती स्पीकर मांडून बसतात, ते. हे मांडावं लागतं, कारण टीव्ही आता भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा सडपातळ झाला आहे. टीव्ही आमच्याच शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत तयार होतात. त्यामुळं त्यांच्याबद्दल वाकडं बोलणं जिवावर येतं. पण बोटभर जाडीचा टीव्ही जगात कुठंही झाला तरी त्याच्या पोटात आवाजाला जागा कुठून येणार? बहुतेकांचे स्पीकर जमिनीकडं नाहीतर भिंतीकडं तोंड करून बोलतात, नवऱ्याशी अबोला धरलेल्या बाईसारखे. तेव्हा बाहेरून स्पीकर आणावेत हे मला मान्य आहे. वाद आहे तो पुढंच.

माझं म्हणणं एवढंच की, ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत आणि ज्याचं हे पहिलंच होम थिएटर आहे, त्यानं पाच स्पीकर आणि एक डबडं असा संच घेऊ नये. दोनच स्पीकर घ्यावेत आणि चांगले घ्यावेत. या मताच्या विरोधात दुकानदार आहेत, भाचे आहेत, मेहुणे आहेत, आणि ‘मोठ्ठा आवाज’ या एकाच दैवताला मानणारा सगळा पंचक्रोशीतला समाज आहे.

पहिलं दैवत वॉट. ‘किती वॉटचा?’ हा प्रश्न आमच्याकडं ‘किती एकर?’च्या चालीवर विचारतात, आणि उत्तरही त्याच चालीवर, म्हणजे जरा वाढवूनच, देतात. खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘४,००० वॉट पीएमपीओ’. आता आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे ३,७३० वॉट. म्हणजे हे खोकं त्या मोटरीपेक्षा ताकदवान! मग त्यानं गाणी कशाला म्हणावीत? भीमेवर नेऊन जोडा, उसाला पाणी द्या. थ्री-फेजची वाट बघत रात्री जागणाऱ्यांचे आशीर्वाद तरी मिळतील.

आता तेच खोकं उलटं करा. पाठीमागं बारीक अक्षरांत चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यावर वीज किती खातो ते लिहिलेलं असतं. समजा, साठ वॉट. भिंतीतून साठ आत जातात आणि पुढून चार हजार बाहेर येतात, असा चमत्कार दाखवणाऱ्याला दुकानात न बसवता वीजमंडळावर घ्यायला पाहिजे! खरी गोष्ट अशी की पीएमपीओ हे माप नव्हेच. डोळ्याचं पातं लवायच्या आत स्पीकरनं एकदा कुठं उसळी मारली असती तर ती किती असती, याचा तो अंदाज आहे. आणि अंदाज कुणी आणि कसा करायचा याचा सर्वमान्य नियम नाही. न थकता, न फाटता, सतत किती वॉट देणार ते विचारायचं असेल तर ‘आरएमएस किती?’ असं विचारावं. कागदावर ते लिहिलेलं नसेल, तर ‘बरं, येतो’ म्हणावं आणि खरंच यावं.

शिवाय कानाचा हिशेब खिशासारखा नसतो. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, तीन डेसिबलनं वाढतो, म्हणजे ‘जरा वाढलासा वाटतोय’ इतपत. आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. चांगल्या स्पीकरच्या कागदावर आणखी एक आकडा असतो : एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज काढतो, तो. ८४ वाला स्पीकर १०० वॉट खाऊन जेवढा आवाज काढतो, तेवढा ८७ वाला पन्नासातच काढतो. जनावर घेताना आपण दूध विचारतो, वैरण किती खातं यावर खूश होत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत माणसासारखं ऐकायचं तर बराच वेळ एक-दोन वॉटवर भागतं. उरलेले वॉट शेजाऱ्यांसाठी असतात, आणि शेजाऱ्यांनी ते मागितलेले नसतात.

दुसरं दैवत म्हणजे संख्या. ‘दोन घेण्यापेक्षा सहा घ्या ना, त्याच पैशात येतात,’ असं दुकानदार म्हणतो. त्याच पैशात येतात, हेच तर दुखणं आहे! समजा हाती वीस हजार आहेत. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि या सगळ्यांना चालवणारा ॲम्प्लिफायर अशी सात तोंडं झाली. प्रत्येकाच्या वाट्याला आले २,८५७ रुपये. त्यातून खोकं, थर्मोकोल, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वजा करा. उरलेल्या पैशात आत काय भरलं असेल, ते स्क्रू काढून न बघितलेलंच बरं. उलट सात हजारांचा साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घेतला तर एकेका स्पीकरला साडेसहा हजार उरतात. लग्नाच्या पंगतीत माणसं वाढली की आमटी पातळ होते, हे ज्याला कळतं त्याला एवढा हिशेब कळायला हरकत नाही.

बरं, सहा आणले तर ठेवणार कुठं? मागचे दोन स्पीकर श्रोत्यांच्या जरा मागं, दोन बाजूंना हवेत, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरात सोफा खोलीच्या मध्यावर असतो. आपला सोफा भिंतीला टेकलेला असतो, कारण पलीकडून पलंगाला जायची वाट असते. मग मागचा एक स्पीकर फ्रिजवर बसतो आणि दुसरा देवघराच्या फळीवर. पुढचे दोन शोकेसमध्ये, बाहुली आणि ताजमहाल यांच्या मध्ये. पडद्यावर हेलिकॉप्टर येतं ते फ्रिजवरून उठतं, गणपतीच्या डोक्यावरून जातं आणि ताजमहालावर आदळतं.

इथं भाचेमंडळी ‘शोले’ काढतात. ‘शोले’ १९७५ साली सत्तर एमएमच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक आवाजात आला, आणि उडवलेलं नाणं आपल्याच खुर्चीखाली पडलं म्हणून लोक वाकून बघायचे, असं सांगतात. मान्य! पण ते शेकडो खुर्च्यांचं थिएटर होतं; आपल्या खोलीत वाकलं तर डोकं टीपॉयवर आपटतं. आणि दुसरी गोष्ट ही मंडळी विसरतात. ‘शोले’च्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि लोकांनी त्या घेतल्या, गावोगाव वाजवल्या. त्यात चित्र नव्हतं, नुसतं बोलणं होतं. नाण्याच्या खणखणाटाची तबकडी कुणी काढल्याचं ऐकिवात नाही. सिनेमा घरी घेऊन जावा असं वाटलं, तेव्हा माणसांनी शब्द नेले.

तिसरं दैवत, आणि सगळ्यात जागृत, म्हणजे धुम-धुम. छातीत धडकी भरली की आवाज चांगला, अशी समजूत मिरवणुकीतल्या डीजेनं गावोगाव पोचवली आहे. यामागचं यंत्रशास्त्र सोपं आहे. स्वस्त संचातले स्पीकर मुठीएवढे असतात, त्यांना खालचे सूर झेपत नाहीत. म्हणून ते काम सबवूफरच्या डबड्याला देतात. खरं तर डबड्यानं साधारण ८० हर्ट्‌झच्या खालचं, म्हणजे ढग आणि तोफा एवढंच बघावं. पण इथं त्याला बरंच वरपर्यंत चढावं लागतं आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया असतो शंभर-सव्वाशेच्या आसपास. म्हणजे वडिलांच्या भूमिकेतला नट निम्मा टीव्हीखालून बोलतो आणि निम्मा कोपऱ्यातल्या रांजणातून. त्यात शब्द ज्यांच्यामुळं कळतात ती क, ट, त, स ही व्यंजनं वरच्या पट्टीत, दोन-चार हजार हर्ट्‌झच्या आसपास असतात. धुम-धुम वाढली की पहिल्यांदा तीच बुडतात.

आणि म्हातारपणीही पहिल्यांदा तीच जातात. सगळा वाद मी घालतोय तो या वाक्यासाठी.

आमचे सासरे दौंडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. मनमाडकडून येणाऱ्या पुण्याच्या गाडीचं इंजिन दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, त्या काळातली त्यांची नोकरी. वाफ, शिट्ट्या आणि खडखडाटातून माणसाचा शब्द नेमका उचलण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मेहुण्यानं कौतुकानं सहा तोंडांचा संच आणला. ‘दाजी, बसा, आता हेलिकॉप्टर बघा!’ हेलिकॉप्टर झकास आलं. पण नंतर माणसं बोलायला लागली आणि अण्णा दर दोन मिनिटांनी विचारू लागले, ‘काय म्हणाला तो?’ मेहुण्यानं प्रेमानं आवाज वाढवला. धुम-धुम वाढली, शब्द होते तिथंच राहिले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा अण्णा विचारत नव्हते. आम्ही हसलो की आमच्याकडं बघून क्षणभर उशिरा हसत होते. त्याच्या पुढच्या खेपेला ते ओट्यावर जाऊन बसले होते. ‘तुम्ही बघा, मला वारा बरा वाटतोय.’ वारा बिलकुल नव्हता.

घरातला एक माणूस घरातून उठून जातो आणि आपण म्हणतो, त्यांना ऐकू येत नाही. ऐकू येतं हो, कळत नाही. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो फरक स्पीकर घेताना दुकानात कुणी विचारात घेत नाही.

मी आणि मेहुण्यानं एक रविवार खर्च केला. फ्रिजवरचा आणि देवघरातला, दोन्ही स्पीकर सोडवून माळ्यावर टाकले. समोरचे शोकेसमधून काढून स्टुलांवर कानाच्या उंचीला आणले, टीव्हीखालचा बोलणारा स्पीकर फळीच्या पुढच्या काठावर ओढला, डबडं कोपऱ्यातून हलवून त्याचं बटण निम्म्याच्या खाली आणलं. फरशीवर सतरंजी टाकली आणि समोरच्या उघड्या भिंतीवर सासूबाईंची जाड गोधडी टांगली, कारण सिमेंटच्या खोलीत टाळी वाजवली तर तीही दोनदा ऐकू येते. स्पीकर काही जातिवंत झाले नाहीत. पण एका जुन्या नाटकाचं चित्रीकरण लावलं आणि अण्णा सगळ्यांच्या बरोबर हसले. एकदा तर आमच्या आधी.

म्हणून सांगतो, दुकानात जाताना घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर न्या. दुकानदार काच फुटण्याचा आणि विमान पडण्याचा नमुना लावेल. तो नम्रपणे बंद करायला सांगा. बातम्या लावा, किंवा तुम्हाला पाठ असलेलं एखादं नाटक लावा. आवाज मुद्दाम बारीक ठेवा, कारण मोठ्या आवाजात कुठलाही स्पीकर शहाणा वाटतो. डोळे मिटा आणि एकच प्रश्न विचारा : काय म्हणाला तो? ज्या जोडीवर आजोबा बिनचूक सांगतील ती घ्या, दिसायला कशीही असो. घरी आणल्यावर टीव्हीचा आवाज स्टिरिओवर ठेवा, म्हणजे पाचांत वाटलेलं बोलणं गुमान दोघांत येतं. जुनी जोडी मिळाली तरी बिघडत नाही, फक्त पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर बोटानं हलकेच दाबून बघा. वयानं तिचा भुगा होतो. भाड्याची, अगदीच लहान खोली असेल तर साउंडबारलाही माझी ना नाही, परीक्षा मात्र हीच.

आणि ज्यांना हे सगळं जुनाट वाटतं, त्यांनी चौफुल्याला एखाद्या बैठकीला नुसतं ऐकायला बसावं. ढोलकी, तबला, पेटी, आणि समोर गाणारी बाई. मागून, वरून, फ्रिजवरून काही येत नाही. तरी शेवटच्या रांगेतला माणूस नेमक्या शब्दाला दाद देतो. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला दिलाय. हादऱ्याला नववाही दिलेला नाही.

तेव्हा दोन घ्या. बसलेल्या प्रत्येकाला प्रत्येक वाक्य पहिल्यांदाच कळलं की घरात थिएटर झालं असं समजा. तिसरा मधला स्पीकर पुढच्या दिवाळीला, डबडं त्याच्या पुढच्या दिवाळीला. मागचे दोन घ्यायची वेळ येईल, तोवर सोफा भिंतीपासून हलवायची परवानगी मिळवून ठेवा. त्याला मात्र किती वॉट लागतील, ते कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.