ज्याचं शरीर, त्याला विचारा

बायॉप्सीचा रिपोर्ट येतो आणि घरात धावपळ सुरू होते. मुलगा ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावतो, जावई मोठ्या हॉस्पिटलची चौकशी करतो. ‘एकदाचं काढून टाकू’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. ज्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झालाय ते आजोबा मात्र बाहेरच्या खोलीत बसलेले असतात. कित्येकदा त्यांना आजाराचं नावही सांगितलेलं नसतं.

हे मायेपोटी होतं, तरी ते चुकीचं आहे. या आजारात एकाहून अधिक वाटा असतात आणि प्रत्येक वाटेची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीने हे आकड्यांत दाखवलं. कर्करोग प्रोस्टेटपुरताच असलेल्या, ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांचे तिथे तीन गट केले: देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिओथेरपी. पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. या कर्करोगाने दगावलेले तिन्ही गटांत मिळून फक्त २.७ टक्के होते आणि गटागटांत त्याबाबत ठळक फरक नव्हता. देखरेखीच्या गटात रोग इतरत्र पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के, म्हणजे इतर दोन गटांच्या जवळपास दुप्पट होतं. देखरेखीच्या गटातल्या सुमारे ६१ टक्के पुरुषांनी पुढे कधी ना कधी उपचार घेतले. उलट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा बारा वर्षांनंतरही लघवी गळते म्हणून पॅड वापरत होता.

एखाद्याला शरीरात कर्करोग आहे या विचाराने झोप येणार नाही. त्याने ऑपरेशन निवडलं तर ते योग्यच. दुसऱ्याला रोजचं फिरणं, प्रवास आणि पत्नीशी असलेलं शरीराचं नातं जपायचं असेल. हे मुलाला कसं कळणार?

अर्थात, देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. पीएसए ही रक्ततपासणी, एमआरआय आणि गरज पडल्यास पुन्हा बायॉप्सी ठरल्या वेळी करावीच लागते. कर्करोग किती आक्रमक आहे हे बायॉप्सीवरून सांगणारा ग्लीसन स्कोअर ८ किंवा त्याहून जास्त असेल, तर सहसा थांबून चालत नाही.

रोग हाडांत पसरला तरी निवड संपत नाही. पुरुष संप्रेरक कमी केलं की हा रोग मागे हटतो, हे सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे संप्रेरक कमी करण्यासाठी आजही वृषणं काढण्याची एकदाच होणारी, स्वस्त शस्त्रक्रिया करता येते किंवा ठरावीक काळाने महागडी इंजेक्शनं घेता येतात. खिसा आणि मन, दोन्हींचा विचार इथे करावा लागतो.

म्हणून पुढच्या भेटीला आजोबांना डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसवा, आजींनाही सोबत न्या. सर्जन आणि रेडिओथेरपीचे तज्ज्ञ, दोघांचंही मत घ्या. ‘आत्ता काहीच केलं नाही तर काय होईल?’ हा प्रश्न आजोबांना स्वतः विचारू द्या आणि त्याचं उत्तरही त्यांनाच ऐकू द्या.