कांटा मध्यावर आला म्हणजे झालें काय?

पन्नाशी उलटलेला गृहस्थ गळ्यांत जुना कॅमेरा अडकवून हिंडूं लागला म्हणजे शेजारीपाजारी त्याच्याविषयीं दोन तर्क करतात. एक, याला म्हातारचळ लागला. दुसरा, याच्याजवळ पैसे फार झाले. आम्हीं तीन वर्षांपूर्वीं पेंटॅक्स के-१००० हा वापरलेला कॅमेरा विकत घेतला, तेव्हां हे दोन्ही तर्क आमच्या वांट्यास आले. त्यांचें आम्हांस कांहींच वाटलें नाहीं. परंतु आमच्या एका व्यासंगी सहाध्यापकांनीं तिसरा आक्षेप घेतला, तो मात्र विचार करण्याजोगा आहे. ते म्हणाले, "अहो, जें काम यंत्र तुमच्यापेक्षां चांगलें करतें, तें शिकण्यांत वेळ कां दवडतां?" हा प्रश्न आज कॅमेऱ्यापुरता उरलेला नाहीं, आमच्या वर्गांतील विद्यार्थीहि निबंधाच्या बाबतींत हेंच विचारूं लागले आहेत. म्हणून त्याचें उत्तर सविस्तर देणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. हा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत निघत होता. त्याची बॅटरी संपली तरी तो चालतो. कारण बॅटरी केवळ उजेड मोजणाऱ्या कांट्यापुरती आहे. बाकी सर्व निर्णय माणसाचे. भिंगावरच्या एका कड्यानें छिद्र लहानमोठें करावयाचें, दुसऱ्यानें फोकस साधावयाचा, आणि माथ्यावरच्या तबकडीनें आंतला पडदा किती वेळ उघडा राहावा तें ठरवावयाचें. छिद्राचे आंकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढतात आणि प्रत्येक आंकड्यास उजेड निम्मा होतो. तबकडीवर ६०, १२५, २५०, ५०० असे सेकंदाचे भाग असतात; तेथेंहि प्रत्येक पायरीस उजेड निम्माच.

खरी मेख येथेंच आहे. ११ चें छिद्र आणि सेकंदाचा १२५ वा भाग यांनीं जेवढा उजेड फिल्मवर पडतो, तेवढाच ५.६ चें छिद्र आणि ५०० वा भाग यांनींहि पडतो. गणिताच्या दृष्टीनें दोन्ही उत्तरें बरोबर. परंतु पहिल्यांत अंगणांतल्या मुलामागची विहीर आणि फणस हींहि बऱ्यापैकीं स्पष्ट येतात. मूल धांवत असेल तर तेंच किंचित् फरकटतें. दुसऱ्यांत धांवतें मूल जागच्या जागीं थिजतें आणि विहीर धुक्यांत जाते. मूल महत्त्वाचें कीं अंगण, हें सांगणारें गणित नाहीं. आपोआप चालणारें यंत्र या दोहोंपैकीं एक उत्तर निवडतें, आणि दुसरेंहि होतें याची वार्ताहि आपणांस लागूं देत नाहीं. आमचे सहाध्यापक ज्याला चांगलें काम म्हणतात तें हें! प्रश्न पडला होता हेंच ज्यास कळलें नाहीं, त्यानें उत्तर बरोबर आल्याचा आनंद कसला मानावा?

कांट्याचीहि गोष्ट अशीच. कांटा मध्यावर आला म्हणजे उजेड योग्य, अशी नवशिक्याची समजूत असते, आमचीहि होती. पहिल्याच रिळावर आम्हीं आईचें चित्र घेतलें. ती पांढरें लुगडें नेसून, चुना दिलेल्या भिंतीशीं, ओसरीवर तांदूळ निवडीत बसली होती. कांटा अगदीं मध्यावर आणला. रीळ धुऊन आलें तेव्हां भिंत राखाडी, लुगडें मळकट, आणि आईचा चेहरा दिवस मावळल्यासारखा काळवंडलेला. दोष धुणाऱ्याचा नव्हता, कॅमेऱ्याचाहि नव्हता. कांट्याला पांढरें आणि काळें ठाऊक नसतें. समोरचें सारें जग मध्यम राखाडी आहे, अंगावर पडलेल्या उजेडापैकीं शेंकडा १८ च्या सुमारास परत फेंकणारें आहे, असें गृहीत धरून तो बोलतो. पांढऱ्या भिंतीपुढें तो उजेड कमी कर म्हणतो, काळ्या पाषाणाच्या देवळापुढें वाढव म्हणतो, आणि दोन्हीकडे आपण फसतों. त्या भिंतीपाशीं छिद्र दोनएक पायऱ्या अधिक उघडावयास हवें होतें, हें आम्हांस मागाहून कळलें. पण पुढच्या पावसाळ्यांत आई गेली. तें चित्र पुन्हां घेतां आलें नाहीं.

येथें सहाध्यापक म्हणतील कीं, फोन हातांत असता तर चेहरा उजळ आला असता. बहुधा आला असता. ही हानि खरी आहे, आणि ती युक्तिवादाखालीं झांकण्याची आमची इच्छा नाहीं. नवशिक्यानें पहिलीं रिळें, जें पुन्हां घडावयाचें नाहीं त्यावर खर्चूं नयेत. भिंत, बादली, तुळशीवृंदावन यांवर खर्चावींत. मुंजीलग्नांत खुशाल फोन न्यावा. परंतु एवढ्यावरून शिकूंच नये असें ठरत नाहीं. पोहणें शिकणाऱ्यानें पहिल्या दिवशीं पुरांत उडी घेऊं नये, एवढेंच ठरतें.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. हातानेंच सारें ठरवावयाचें तर तें डिजिटल कॅमेऱ्यावरहि ठरवितां येतें. मग फिल्मचा खर्च कशास? हें आम्हांस अर्धें मान्य आहे. पण कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र तत्काळ दिसूं लागलें कीं नवशिका विचार सोडून आंकडे फिरवीत सुटतो, आणि उत्तर जुळलें कीं थांबतो. पुस्तकाच्या शेवटीं उत्तर पाहून मग रीत जुळविणारा विद्यार्थी आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याला उत्तर येतें, गणित येत नाहीं. फिल्मवर चित्रें ३६, आणि निकाल कित्येक दिवसांनीं. म्हणून कळ दाबण्यापूर्वीं चित्र मनांत पाहावें लागतें, आणि छिद्र, वेग, ऊन कीं सावली हें वहींत टिपावें लागतें. धुतलेली पट्टी दिव्यासमोर धरून ती वही उघडली म्हणजे आपली एकेक चूक नांवानिशीं सांपडते. दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली. धनिकांचा विश्वास बसावा हा हेतु त्यांत होताच; परंतु पुढचें चित्र केव्हां घ्यावयाचें हें त्यांना कॅमेरा सांगत नव्हता. तें त्यांना स्वतःच ठरवावें लागलें.

आतां आमच्याच पक्षांतील मंडळींस दोन शब्द. हल्लीं तरुणांत फिल्मचें वेड पुन्हां आलें आहे. त्यांतले कित्येक जण आपोआप चालणारे जुने कॅमेरे घेतात, नेगेटिव्ह दुकानांतून परतहि आणीत नाहींत, आणि फोनवर आलेलीं दाणेदार चित्रें पाहून धन्य होतात. त्यांनीं फिल्म घेतली, शिक्षण घेतलें नाहीं. फिल्मच्या डबींत पुण्य भरलेलें नसतें. शिवाय ती महाग आहे. 'इंदू' फिल्म काढणारा उटकमंडचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखानाहि केव्हांच बंद पडला. तेव्हां विद्यार्थ्यांस नुसता उपदेश करण्याऐवजीं प्रत्येक कॉलेजानें असा एक कॅमेरा आणि वर्षास थोडीं रिळें ठेवावींत, म्हणजे चुकण्याचा अधिकार केवळ श्रीमंतांच्या मुलांकडे राहणार नाहीं.

राहतां राहिला सहाध्यापकांचा मूळ प्रश्न. यंत्र आमच्यापेक्षां चांगलें काम करीत असेल. परंतु त्यांतलें चांगलें कोणतें हें ओळखणारा कोणीतरी घरांत उरला पाहिजे. आईचें तें काळवंडलेलें चित्र आमच्या टेबलावर आहे, आणि तें कां काळवंडलें हें आम्ही सांगूं शकतों. घरच्यांच्या फोनमध्यें तिचीं उजळ चित्रें पुष्कळ आहेत. तीं उजळ कां आलीं, हें मात्र आमच्या घरांत कोणासहि सांगतां येत नाहीं.